क्नाउसांचा जबडा

हेस्टोय बेटावर क्नाउस घराण्यातला माणूस ओळखायला नाव विचारावं लागत नसे. त्याच्या जबड्याकडे बघितलं की पुरे. कानाखाली, गालाच्या खालच्या कडेला, कधी थेट हनुवटीवर टणक उंचवटे असायचे, कुणाला वाटाण्याएवढे, कुणाला सुपारीएवढे. घर बेटाच्या उत्तर टोकाला, उघड्या कातळावर होतं. तिथली हवा लागली की पोरांच्या हाडातही कातळ उगवतो, असं लोक म्हणत. क्नाउसांना त्याचा अभिमानच होता. "आम्हाला ठोसा मारलास तर हात तुझाच मोडेल," हे त्यांच्यातलं प्रत्येक पोर शाळेत पहिल्याच वर्षी म्हणायचं, आणि एखाद्याचा हात खरंच मोडायचा.

बेटावरची दंतवैद्य गुदवेग मूएन हिला मात्र या जबड्यांचं काही विशेष वाटत नसे. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. आयुष्यभर बर्गनमध्ये शाळेतल्या पोरांचे दात तपासून चार वर्षांपूर्वी ती इथे आली होती. शाळेच्या कडेला तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. हाडावरच्या अशा गाठी निरुपद्रवी असतात, वाढल्या तरी वर्षाला केसभर वाढतात, हे तिला ठाऊक होतं. ज्याचं दुखत नाही त्याला छेडू नये, असा तिचा खाक्या होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी ब्रिन्युल्फ क्नाउस गाल धरून आला. अडतीस वर्षांचा उंच गडी, स्वतःची मासेमारीची बोट, आणि बेटावरचा सगळ्यात दणकट जबडा.

"काढून टाक," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. "दुपारी मला जाळी टाकायला जायचंय."

"आधी फोटो काढू."

"फोटो कशाला? लग्नाला उभा आहे का मी?"

तिनं ऐकलं नाही. जबड्याचा पूर्ण एक्स-रे फोटो काढला आणि काच उजळून तो तिच्यावर लावला. डावीकडे चार आणि उजवीकडे तीन पांढरेशुभ्र गोळे होते, बाहेरून दिसत होते त्याच्या दुप्पट. शिवाय दोन दात हाडाच्या पोटात आडवे पडलेले, कधी वर न आलेले. दुखरा दात काढायला तिला सव्वा तास लागला. हाड इतकं घट्ट होतं की शेवटी तिच्या मनगटात कळा येऊ लागल्या.

"कधीपासून आहे हे?" बोळा दाबून धरत तिनं विचारलं.

"बापाला होतं, आज्याला होतं," तो बोळ्याआडून पुटपुटला. "आमचं शेत फक्त कातळाचं. वारसा म्हणून दुसरं काय मिळणार?"

गोष्ट इथेच संपायची. पण दोन आठवड्यांनी शाळेच्या तपासणीत त्याची मुलगी एल्ड्रिड खुर्चीत आली. तेरा वर्षांची, बडबडी. तिच्या वरच्या पुढच्या दातांमागे एक जादा दात फुटत होता. गुदवेगनं सवयीनं तिच्या जबड्यावरून बोट फिरवलं. डाव्या कोपऱ्यात दाणा लागला. कपाळावर केसांच्या कडेलाही एक टणक उंचवटा होता. डोक्यावर दोन मऊ गाठी होत्या, त्वचेखाली सरकणाऱ्या.

"हे कधी आलं गं?"

"कपाळावरचं? मागच्या उन्हाळ्यात. आजी म्हणते, आता तू खरी क्नाउस झालीस."

गुदवेगनं तिच्याही जबड्याचा फोटो काढला. जादा दात, न उगवलेले दात, हाडाच्या पुष्कळ गाठी, त्वचेखालच्या गाठी. हे सगळं तिनं एकत्र कुठंतरी ऐकलं होतं. घरी जाऊन तिनं माळ्यावरची पेटी खाली काढली आणि शिकत असतानाच्या वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीत ते सापडलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचं वाक्य तिनं तेव्हा दोनदा अधोरेखित केलं होतं: जबड्यात एक गाठ दिसली तर जबडा बघा, पुष्कळ दिसल्या तर पोट बघा. खाली तिच्याच कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं की अशा काही घराण्यांत मोठ्या आतड्यात शेकड्यांनी मांसल मोड उगवतात. पंचविशी-तिशीपर्यंत ते निरुपद्रवी असतात, पण चाळिशीच्या आसपास त्यातल्या एखाद्याचा हमखास कर्करोग होतो. आईबापांपैकी एकाला असलं, की निम्म्या मुलांत उतरतं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली. क्नाउसांचे दगड एका ओळीत होते. हाल्वर्ड, ब्रिन्युल्फचा बाप, एक्केचाळीस. त्याचा बाप, एकोणचाळीस. एक काका, त्रेचाळीस. एक आत्या, छत्तीस. त्याच ओळीतले काही ऐंशीच्या पुढे जगलेलेही होते. प्रार्थनेहून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना तिनं सहज विचारलं की या म्हातारे होऊन गेलेल्यांचा जबडा कसा होता.

"गुळगुळीत," त्यांतली एक म्हणाली. "आईवर गेलेले ते सगळे. पण जबडेवाले मात्र पोटानं जायचे. समुद्रावरचं गारढोण अन्न, दुसरं काय!"

गुदवेगनं त्या चौघांची वयं पावतीच्या मागे लिहून घेतली.

क्नाउसांच्या घरी ती सोमवारी दुपारी गेली. ब्रिन्युल्फची आई बोर्गहिल्ड घरात होती. बहात्तर वर्षांची ताठ बाई, नवरा जाऊन सत्तावीस वर्षं झालेली. तिनं कॉफी ओतली, वॅफलची थाळी ठेवली, वर तपकिरी चीजचे पातळ काप. ब्रिन्युल्फ जाळ्याची दोरी घेऊन कोपऱ्यात बसला होता. गुदवेगनं आढेवेढे न घेता सगळं सांगितलं.

"म्हणजे दात काढायला आलो आणि आतडंही काढून घेणार?" ब्रिन्युल्फ हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "दाताची डॉक्टर आहेस, दातापुरतं बघ. उद्या सुतार येईल माझी छाती तपासायला."

"एक तपासणी करून घे. काही नसलं तर बेटभर माझी टिंगल कर."

"ती आत्ताही करतो."

"तुझ्या बापाला काय झालं होतं?"

उत्तर मात्र बोर्गहिल्डनं दिलं. "त्याला समुद्र बाधला," ती म्हणाली, आणि उठून वॅफलची थाळी आत घेऊन गेली. हेस्टोयवर पाहुण्याला 'आता नीघ' म्हणायची हीच रीत होती. गुदवेगनं वॅफलचा जेमतेम एकच घास घेतला होता.

तिनं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळाला पत्र लिहिलं, सोबत फोटोंच्या प्रती जोडल्या. तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. जबड्याच्या गाठी निरुपद्रवी असतात हे आपणास ज्ञात असेलच, रुग्णाची पोटाची तक्रार नाही, सबब तपासणीचं कारण दिसत नाही. खालची सही वाचता येत नव्हती. गुदवेगनं ते पत्र वाचलं आणि दवाखान्यातली भांडी गरजेपेक्षा जोरात घासली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरं पत्र लिहिलं, पहिल्याच्या तिप्पट लांब. त्याचं उत्तर आलंच नाही.

एव्हाना बेटावर कुजबूज पसरली होती. दुकानात ती ब्रेड घ्यायला गेली की कुणीतरी पोट धरून म्हणायचं, "गुदवेग, माझी दाढ दुखतेय, यकृत बघतेस का?" ती हसण्यावारी न्यायची. पण रस्त्यात ब्रिन्युल्फ दिसला की तो दुसऱ्या बाजूनं जायचा, आणि हे तिला लागायचं. त्याच्या गालाचं हाड आता जरा जास्तच वर आलेलं दिसत होतं. गाठ वाढली नव्हती, माणूस वाळत होता.

एप्रिलच्या शेवटी, आडव्या पावसात, बोर्गहिल्ड दवाखान्यात आली. वेळ घेतलेली नव्हती.

"कवळी टोचतेय," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

गुदवेगनं कवळी काढून बघितली, हिरड्या बघितल्या. कुठे ओरखडाही नव्हता. तरी तिनं कवळीची एक कड घासल्यासारखं केलं. यंत्राचा आवाज थांबल्यावर बोर्गहिल्ड बोलली. दात नसल्यानं तिचे शब्द मऊ येत होते.

"हाल्वर्डच्या चादरी मी वर्षभर धुतल्या."

गुदवेगनं कवळी खाली ठेवली.

"थंड पाण्यात भिजवायच्या," बोर्गहिल्ड म्हणाली. "गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. त्यानं मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरला नाही, पाद्र्याला नाही. बाईसारखं रक्त जातं म्हणून लोक हसतील, म्हणाला. मी नाही सांगितलं. सत्तावीस वर्षं नाही सांगितलं."

"बोर्गहिल्ड..."

"थांब, मला बोलू दे. ब्रिन्युल्फनं जन्मात स्वतःचा मोजा धुतलेला नाही. आधी मी धुतले, मग त्याच्या बायकोनं. आणि नाताळापासून तो पहाटे उठून आपले कपडे आपण धुतो." तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "थंड पाण्यात."

मग गुदवेगनं कवळी धुवून तिच्या हातात दिली, स्वतःचा रेनकोट खुंटीवरून काढला आणि दाराला कुलूप लावलं. दोघी वाऱ्याशी झुंजत उत्तर टोकापर्यंत चालत गेल्या.

ब्रिन्युल्फ बोटीच्या खोपटात फळीला रंग देत होता. दोघींना एकत्र बघून त्यानं कुंचला डब्यात टाकला.

"तुझ्या बापाला दिलेलं वचन मी आज मोडलं," बोर्गहिल्ड म्हणाली. "आता तुलाही काही लपवायचं कारण उरलं नाही."

"आई, तू..."

"मी नवरा मुकाट्यानं पुरला. मुलगा तसा पुरणार नाही. समजलं?"

तो लाकडी पेटीवर बसला. एवढा मोठा माणूस, पण खांदे एकदम लहान झाले त्याचे. "मला वाटलं, मूळव्याध असेल," तो म्हणाला. "मग वाटलं, नसेल. मग मी विचारच करायचं सोडलं." त्यानं मान वर केली. "एल्ड्रिडलाही आहे का हे?"

"माहीत नाही," गुदवेग म्हणाली. "पण तुझं कळलं तर तिचं वेळेत कळेल."

"मग कधी जायचं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या सकाळच्या फेरीबोटीनं ते निघाले. ब्रिन्युल्फची बायको योरुन त्या बोटीवर तिकिटं फाडायची. नवऱ्याचं तिकीट तिनं फाडलं आणि गुदवेगच्या कानाशी म्हणाली, "तपासणी न करता परत आला तर मी त्याला मधल्या वाटेतच समुद्रात ढकलीन. तू बघितलं नाहीस म्हणून सांग." तिचे डोळे लाल होते.

इस्पितळात वेळ मिळालेली नव्हती. खिडकीतल्या बाईनं सांगितलं, पत्राचं उत्तर दिलेलं आहे. गुदवेगनं कोट काढला, बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. "ठीक," ती म्हणाली. "आम्ही बसतो. आम्ही बेटावरचे. परतीची बोट चारला आहे, आणि ती चुकली तर उद्याही एक आहे."

साडेअकराला इंगुन नावाची शल्यचिकित्सक कॉफी घ्यायला बाहेर आली, पस्तिशीची, हातात कप. गुदवेग बाकावरच्या कोटातून मोठं पाकीट काढून तिच्या आडवी आली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ती कुणापुढे अशी कधी आडवी गेली नव्हती. इंगुननं नाइलाजानं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग दुसरा फोटो धरला, एल्ड्रिडचा.

"बाप आणि मुलगी?"

"हो. आणि दफनभूमीत चार."

"हे कुणी ओळखलं?"

"मी. मी दंतवैद्य आहे."

इंगुननं तिच्याकडे नीट बघितलं. "मी हे फक्त पुस्तकात वाचलंय," ती म्हणाली. "आणि पुस्तकातलं चित्र इतकं स्पष्ट नव्हतं." ती ब्रिन्युल्फकडे वळली. "तुझं जेवण झालंय?"

"नाही. भूकच नाही."

"उत्तम. आता उद्यापर्यंत खायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंगुन बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीची खूण होती. "शंभरापर्यंत मोड मोजले," ती म्हणाली. "मग मोजणं सोडलं. त्यातले दोन मोठे आहेत, अक्रोडाएवढे. त्यांचे तुकडे तपासायला पाठवलेत. ते अजून कर्करोगाच्या अलीकडे आहेत की पलीकडे गेलेत, ते नऊ दिवसांनी कळेल."

ते नऊ दिवस गुदवेगला फार जड गेले. पोरांच्या दाढा भरताना तिनं एकाच पोराला दोनदा कुल्ला करायला लावला. क्नाउसांच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दहाव्या दिवशी फोन आला तो दवाखान्यात, कारण इंगुननं तोच नंबर लिहून घेतला होता.

"अलीकडे," इंगुन म्हणाली. "दोन्हीही. अगदी काठावर, पण अलीकडे. आतडं आत्ता काढलं तर हा माणूस म्हातारा होईल."

खुर्चीत एक आठ वर्षांची मुलगी तोंड उघडून बसली होती. गुदवेगनं तिला तसंच सोडून कोट न घालता धाव घेतली. उत्तर टोकापर्यंतचा रस्ता चढाचा होता. अर्ध्यात तिचा दम संपला, तेव्हा तिनं तिथूनच, शेताच्या कुंपणापासून, दोन्ही हात वर करून हलवले. खोपटाच्या दारात उभ्या असलेल्या ब्रिन्युल्फला एवढंच पुरलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून समुद्रात भिरकावली. मग आईला कडेवर उचललं, आणि बोर्गहिल्ड त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडत राहिली, "खाली ठेव गाढवा, पोटावर ताण देऊ नकोस!"

शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली. मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याची पिशवी शिवून त्याच्या जागी बसवली. मधले तीन महिने ब्रिन्युल्फला पोटावर बाहेरची थैली बांधून काढावे लागले. ते त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं, आणि घरच्यांना त्यानं ते रोज ऐकवलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला थैली गेली. त्या महिन्याच्या शेवटी डोंगरावरून मेंढ्या खाली आणायच्या वेळी तो सगळ्यांच्या पुढे होता.

एल्ड्रिडचं रक्त ओस्लोला पाठवलं होतं. तिच्यात ते उतरलेलं होतं. ती एकटीच दवाखान्यात आली आणि खुर्चीत बसून राहिली.

"मी मरणार का?"

"हो," गुदवेग म्हणाली. "माझ्याहून म्हातारी झाल्यावर. तेव्हा तुझी नातवंडं कंटाळलेली असतील."

एल्ड्रिडला हसू आलं, आणि लगेच रडूही. "बाबांसारखं कापणार?"

"कापतील. पण आत्ता नाही. तू अठराची वगैरे झालीस की. तोवर दरवर्षी आत डोकावून बघतील. कंटाळवाणं आहे, पण परीक्षेइतकं वाईट नाही."

"आणि हे?" तिनं कपाळाला हात लावला. "हे काढता येतं? फोटोत चमकतं."

"तासाभराचं काम. पण घरी विचार. तुमच्याकडे हे मानाचं असतं."

घरी बोर्गहिल्डनं एका वाक्यात निकाल लावला: "काढून टाका. मान डोक्यात असावा, डोक्यावर नको."

पण बोर्गहिल्डचं काम अजून संपलं नव्हतं. उन्हाळाभर ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पत्रं लिहीत बसली होती. क्नाउसांच्या रक्ताचं जे कुणी जिथे असेल तिथे पत्र गेलं. बर्गनला, ओलेसुंडला, एक तर अ‍ॅबर्डीनला. लपवाछपवी तिनं अजिबात केली नाही. चादरीसुद्धा लिहिल्या. शेवटी लिहिलं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या बोटीनं या, गुदवेग दवाखाना उघडा ठेवेल. गुदवेगला तिनं हे शुक्रवारी सांगितलं.

"किती जण येतील?" गुदवेगनं विचारलं.

"मला काय माहीत? माझं कोण ऐकतंय!"

अकरा जण उतरले. योरुननं बोटीचा भोंगा विनाकारण तीनदा वाजवून घेतला. धक्क्यावरून शाळेपर्यंत ते चालत आले तेव्हा लोक खिडक्यांशी उभे होते. एवढे क्नाउस एकदम कुणी बघितले नव्हते. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून दोघं सायकलींच्या मांडवात बसले. ओलेसुंडहून आलेली हेर्बयोर्ग नावाची बाई चव्वेचाळीस वर्षांची होती. तिच्या कानाखालची सुपारी बघून अ‍ॅबर्डीनचा चुलतभाऊ आनंदानं ओरडला, "अरे, ही आपलीच!" दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. ब्रिन्युल्फ दारात उभा राहून एकेकाला आत सोडत होता आणि विचारणाऱ्याला शर्ट वर करून पोटावरचा व्रण दाखवत होता. न विचारणाऱ्यालाही.

गुदवेगनं सकाळी नऊपासून तीनपर्यंत फोटो काढले. पाच जबड्यांत गाठी निघाल्या. त्या पाचांची नावं तिनं फोनवर सांगितली, आणि या वेळी इस्पितळातून कुणी नकाराचं पत्र पाठवलं नाही. इंगुननं पुढच्या बुधवारचा सगळा दिवस त्यांच्यासाठी रिकामा ठेवला होता.

नंतर शाळेच्या दालनात कोबी घालून शिजवलेलं मेंढीचं मटण होतं. बोर्गहिल्डनं गुदवेगला हाताला धरून टेबलाच्या मुख्य जागी बसवलं आणि स्वतः तिच्या ताटात वाढलं. मग कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण आधी ब्रिन्युल्फ उठला, मग योरुन, मग एकेक करून सगळे अकरा उभे राहिले. भाषण कुणालाच जमत नव्हतं. ते नुसतेच उभे राहिले, टोप्या हातात घेऊन. गुदवेगला कुठे बघावं कळेना. "बसा की," ती म्हणाली. "गार होतंय." बोर्गहिल्डनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो जेवण होईपर्यंत काढला नाही.

त्या पाचांपैकी चौघांच्या शस्त्रक्रिया नाताळाच्या आत झाल्या. हेर्बयोर्गच्या एका मोडानं रेषा ओलांडली होती, पण नुकतीच, आणि तो आतड्यासकट मुळापासून निघाला. पाचवा एकवीस वर्षांचा होता. त्याची वर्षाकाठी तपासणी सुरू झाली. जानेवारीत इंगुनचा फोन आला. बर्गनला सगळ्या डॉक्टरांपुढे हे सांगायला गुदवेगनं यावं, गुरुवारी.

"गुरुवारी जमणार नाही," गुदवेग म्हणाली. "तिसरीच्या पोरांची तपासणी आहे. शुक्रवारी येईन."

त्यांनी सभा शुक्रवारी ठेवली.